फ्रिजमधला हिवाळा

रवळू सुट्टीवर आला तेव्हा
पलटणीच्या ट्रंकेत, मोज्यांच्या घडीत जपून
डबीभर फळं घेऊन आला.
द्राक्षाएवढी, हिरवी, अंगावर लव नाही.
‘मामा, ही पण किवीच. सालीसकट खायची.
तिकडं वर भिंतीभिंतींवर चढते,
बर्फ पडला तरी मरत नाही.’

सगळी खाल्ली. एक ठेवलं.
चहाच्या गाळणीत चोळून, धुऊन
कॅलेंडरच्या पाठीवर वाळवलं.
बिया काळ्या, खसखशीपेक्षा जराशा थोर.
मोजल्या. एक्कावन्न.

त्यांना आधी हिवाळा दाखवावा लागतो,
नाहीतर त्या उठतच नाहीत.
आणि आमच्या वडगावात हिवाळा म्हणजे काय,
चार पहाटे कानटोपी,
साडेनऊला पुन्हा बनियन.
म्हणून ओल्या वाळूत पुडी बांधली
आणि फ्रिजमध्ये ठेवली, दह्याच्या मागं.
तीन महिने.

हेमव्वा म्हणाली, चाळीस वर्षं घरात सूत आणलंस,
आता वाळू आण.
पुडीवर मी लिहिलं: खायचं नाही.
दुसऱ्या दिवशी खाली तिचं अक्षर:
कोण खातंय.

फेब्रुवारीत ट्रान्सफॉर्मर जळला.
चौदा तास लाइट नाही.
सायकल काढून शहापुरात गेलो,
मासेवालीकडं बर्फ मागितला.
‘मासा कुठला घेतलास?’
मासा नाही.
‘मग बर्फ कशाला?’
काय सांगू तिला.
घरात पाहुणे झोपलेत, म्हटलं.

बावीस उगवल्या.
टाचणीच्या डोक्याएवढी दोन दोन पानं.
नऊ एका रात्रीत मानेशीच विरघळल्या,
माझी चूक, पाणी जास्त झालं.
बाकीच्यांत उन्हानं काही नेल्या,
गोगलगाईंनी काही.
उरल्या चार.

कुंपणापलीकडून गुरव्वानं विचारलं,
‘इदेन्री अण्णा?’
मी म्हटलं, किवी.
तिनं आपला कान धरला.
‘किवी?’
हो की, कन्नडात किवी म्हणजे कान.
तिघंही हसलो, मी जरा उशिरा,
कारण मागाच्या खडखडाटात
माझा डावा कधीचाच गेलाय
आणि उजव्याला दोनदा सांगावं लागतं.
तेव्हापासून ती रोज विचारते,
तुझे कान किती वाढले?

तीन मागांतले दोन भंगारात दिले.
तिसऱ्याचा सांगाडा चार पोरांनी उचलून
परसात आणला, विहिरीच्या कडेला रोवला.
वर चौदा तारा ओढल्या.
ताणा मी भरला.
बाणा त्यांनी टाकायचा, सावकाश,
कुणी मजुरी मोजत नाही.

नर की मादी, ते फुलल्याशिवाय कळत नाही.
फुलायला पाच वर्षं. कुणी म्हणतं सात.
मला अडुसष्ट चालू आहे.
चारही नर निघाले तर? मी विचारलं.
हेमव्वा तांदूळ निवडत होती.
‘मग सावली,’ म्हणाली,
आणि एक खडा काढून बाजूला टाकला.

आता जानेवारी. पानं झडलीत.
तारेला गुंडाळलेल्या चार काड्या,
मेल्यात की निजल्यात सांगता येत नाही.
नखानं साल खरवडून बघितली एकीची,
आत हिरवं होतं.
मग दुसरीची नाही खरवडली.

खांदा धरतो म्हणून जन्मभर
मी थंडीला शिव्या घातल्या.
आता पहाटे उठून
कानटोपी काढून परसात उभा राहतो.
अजून जरा पड, म्हणतो.
गुरव्वाच्या खिडकीत रेडिओ लागतो,
बाई हवामान सांगते, भराभर, कन्नडात.
बरंच निसटतं.
आकडा तेवढा उजव्या कानात पोचतो:
हन्नेरडु.

बारा.
अजून चार तरी उतरायला हवी.